जावा मेथडच्या प्राचलांची प्रकार-सुरक्षित रचना

प्रकार-सुरक्षित प्राचल रचना म्हणजे जावा या संगणकीय भाषेतील मेथडचे प्राचल अशा रीतीने ठरविणे, की मेथड वापरणाऱ्याला चुकीच्या क्रमाची, चुकीच्या एककातील किंवा परस्परांशी न जुळणारी मूल्ये देताच येऊ नयेत. मेथडच्या व्याख्येत लिहिलेले नाव म्हणजे प्राचल, आणि मेथड बोलावताना त्या जागी दिलेले प्रत्यक्ष मूल्य म्हणजे आर्ग्युमेंट. आर्ग्युमेंटचा डेटा प्रकार प्राचलाच्या प्रकाराशी जुळतो की नाही, हे जावाचा कंपायलर तपासतो. त्या मूल्याचा अर्थ मात्र त्याला कळत नाही. म्हणून जो अर्थ महत्त्वाचा आहे तो डेटा प्रकारातच उतरवावा, हे या रचनापद्धतीचे मूळ सूत्र आहे.

## पार्श्वभूमी

जावाची पहिली आवृत्ती १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. या भाषेत आर्ग्युमेंट केवळ क्रमाने ओळखली जातात. पायथन, कोटलिन आणि स्विफ्ट या भाषांत मेथड बोलावताना प्राचलाचे नाव लिहिता येते. जावात तशी सोय नाही. त्यामुळे एकाच प्रकारचे दोन प्राचल शेजारी असतील आणि त्यांच्या मूल्यांची अदलाबदल झाली, तर कंपायलर कोणतीही तक्रार करीत नाही. आज्ञावली चालते, उत्तरही देते. ते उत्तर चुकीचे असते एवढेच. आज्ञावली बंद पडली तर दोष लगेच लक्षात येतो. येथे तसे घडत नसल्याने चुकीची नोंद अनेक महिने साठ्यात राहू शकते.

जावातील काही स्वयंचलित रूपांतरांमुळे हा धोका वाढतो. इंट प्रकाराचे मूल्य लाँग किंवा डबल प्रकाराच्या प्राचलाला आपोआप चालते. कॅर प्रकाराचे एकटे अक्षरसुद्धा इंट म्हणून स्वीकारले जाते. स्ट्रिंगबिल्डर या क्लासची वस्तू तयार करताना कंसात 'क' हे एकच कॅर मूल्य दिल्यास, त्या अक्षराने सुरू होणारा मजकूर मिळेल अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात कॅर स्वीकारणारा कन्स्ट्रक्टर त्या क्लासमध्ये नसल्याने इंट स्वीकारणारा कन्स्ट्रक्टर निवडला जातो. युनिकोडमध्ये 'क'चा क्रमांक २३२५ आहे. त्यामुळे २३२५ अक्षरांची जागा राखून ठेवलेला, पण पूर्णपणे रिकामा मजकूर तयार होतो.

## उदाहरण: विहिरीची नोंद

अमरावती जिल्ह्यातील भातकुली तालुका पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात येतो. या पट्ट्यातील भूजलात क्षारांचे प्रमाण अधिक असल्याने विहिरीचे पाणी पिण्यास किंवा ओलितास चालेल का, हा तेथील गावांचा नित्याचा प्रश्न आहे. अशा विहिरींची माहिती साठविणारी एक कल्पित आज्ञावली पुढील विवेचनासाठी घेतली आहे. तिच्यातील मुख्य मेथडचे प्राचल पुढीलप्रमाणे आहेत:

विहीरनोंद(स्ट्रिंग गाव, स्ट्रिंग तालुका, स्ट्रिंग जिल्हा, डबल अक्षांश, डबल रेखांश, डबल खोली, डबल वाहकता, बूलियन पिण्यायोग्य)

यात तीन स्ट्रिंग, चार डबल आणि एक बूलियन असे आठ प्राचल आहेत. तीन स्ट्रिंग सहा प्रकारे आणि चार डबल चोवीस प्रकारे मांडता येतात. म्हणजेच मूल्यांच्या १४४ मांडण्या कंपायलर बिनतक्रार स्वीकारतो. त्यांपैकी बरोबर केवळ एक आहे.

जावातील ओळखनामांत देवनागरी अक्षरे वापरता येतात, त्यामुळे 'विहीरनोंद' किंवा 'अक्षांश' ही नावे भाषेच्या नियमांत बसतात. भाषेचे राखीव शब्द आणि मूळ डेटा प्रकारांची नावे मात्र रोमन लिपीतच लिहावी लागतात. येथे ती वाचकांच्या सोयीसाठी देवनागरीत दिली आहेत.

## विसंगतीचे प्रकार

### क्रमाची अदलाबदल

भातकुलीचे स्थान सुमारे २०.९ अंश उत्तर अक्षांश आणि ७७.६ अंश पूर्व रेखांश असे आहे. ही दोन मूल्ये उलट क्रमाने दिली, तर विहीर आर्क्टिक महासागरात, नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहाच्या परिसरात नोंदली जाते. अक्षांश उणे ९० ते अधिक ९० यांच्या दरम्यान असावा, अशी तपासणी मेथडमध्ये असली तरी ही चूक सापडत नाही, कारण ७७.६ ही संख्या त्या मर्यादेत बसते. महाराष्ट्रातील सर्व रेखांश ९० पेक्षा कमी असल्याने राज्यातील कोणत्याही ठिकाणाबाबत हीच अडचण येते.

हा गोंधळ होण्यास आणखी एक कारण आहे. अनेक नकाशा-सेवा अक्षांश आधी आणि रेखांश नंतर मागतात. जिओजेसन या प्रचलित मांडणीत मात्र रेखांश आधी येतो. दोन्ही संकेत आपापल्या जागी योग्य आहेत. एका मांडणीतून दुसरीत माहिती नेताना चूक घडते.

### एककांची गल्लत

पाण्यातील क्षारांचा अंदाज घेण्यासाठी त्याची विद्युतवाहकता मोजतात. ती डेसीसीमेन्स प्रति मीटर किंवा मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर या एककांत सांगितली जाते. पहिल्या एककातील १ म्हणजे दुसऱ्या एककातील १०००. चार डेसीसीमेन्स प्रति मीटर वाहकतेचे पाणी खारे असते. चार मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर वाहकतेचे पाणी जवळजवळ ऊर्ध्वपातित पाण्याइतके शुद्ध असते. डबल प्रकाराच्या प्राचलात दोन्ही वेळा '४' एवढेच पोचते. अशा वेळी खाऱ्या विहिरीची नोंद गोड पाण्याची विहीर म्हणून होऊ शकते.

खोलीबाबतही असेच घडते. ग्रामीण व्यवहारात विहिरीची खोली अजूनही फुटांत सांगतात, तर तांत्रिक नोंदी मीटरमध्ये असतात. ४० फूट म्हणजे सुमारे १२.२ मीटर.

### ओळखीची गल्लत

एकच संख्या किंवा एकच नाव अनेक गोष्टींची ओळख असू शकते. जनगणनेत महाराष्ट्र राज्याचा संकेतांक २७ आहे, आणि अमरावतीच्या वाहन नोंदणीचा क्रमांकही २७ आहे. दोन्ही प्राचल इंट प्रकाराचे असतील, तर एकाच्या जागी दुसरा दिलेला कळणार नाही.

नावांची स्थिती याहून बिकट आहे. 'भातकुली' हे गावाचेही नाव आहे आणि तालुक्याचेही. 'अमरावती' हे शहर, तालुका, जिल्हा आणि महसुली विभाग या चारही पातळ्यांवर येते. जिल्ह्यात चांदूर रेल्वे आणि चांदूर बाजार असे दोन वेगळे तालुके आहेत; केवळ 'चांदूर' लिहिल्यास नेमका कोणता, ते सांगता येत नाही. शिवाय दिसायला सारखा असलेला देवनागरी मजकूर आतून वेगळा असू शकतो. 'वऱ्हाड' या शब्दातील 'ऱ' युनिकोडमध्ये एका स्वतंत्र चिन्हाने लिहिता येतो, किंवा 'र'ला नुक्ता जोडूनही लिहिता येतो. जावातील समानतेची साधी तपासणी या दोन शब्दांना भिन्न मानते. नॉर्मलायझर हा क्लास वापरून दोन्ही रूपे एकसारखी करून घेतल्यावरच ते समान ठरतात.

संकेतांकांना संख्या मानण्यातही धोका असतो. अमरावतीचा दूरध्वनी संकेतांक ०७२१ आहे. जावात शून्याने सुरू होणारी पूर्णांक संख्या अष्टमान पद्धतीची समजली जाते. त्यामुळे आज्ञावलीत ०७२१ असे लिहिल्यास त्याचे मूल्य ४६५ होते. ज्या संख्येची बेरीज-वजाबाकी कधी करावयाची नसते ती संख्या नसून ओळखचिन्ह असते, आणि तिच्यासाठी स्वतंत्र डेटा प्रकार असणे इष्ट ठरते.

### परस्परविसंगती

प्रत्येक आर्ग्युमेंट स्वतंत्रपणे योग्य असूनही त्यांची जोडी चुकीची असू शकते. गाव भातकुली, तालुका भातकुली आणि जिल्हा अकोला ही तिन्ही नावे खरी आहेत. पण या नावाचा तालुका अकोला जिल्ह्यात नाही. मूळ विहीरनोंद मेथड ही जोडी स्वीकारते.

## रचनेचे उपाय

### अनावश्यक प्राचल वगळणे

दोन मूल्ये जुळणे आवश्यक असेल आणि एकावरून दुसरे काढता येत असेल, तर दुसरे मागूच नये. 'गाव' या क्लासच्या वस्तूला आपला तालुका ठाऊक असेल आणि तालुक्याला आपला जिल्हा, तर मेथडला केवळ गाव पुरेसे होते. अकोला जिल्ह्यातील भातकुली तालुका ही विसंगती मग लिहिताच येत नाही. तपासणीचा कोड वाढत नाही. उलट तो लिहिण्याची गरजच उरत नाही. म्हणून हा उपाय सर्वांत आधी विचारात घेतला जातो.

### स्वतंत्र डेटा प्रकार

मार्च २०२१ मध्ये आलेल्या जावा १६ पासून रेकॉर्ड हा क्लासचा आटोपशीर प्रकार भाषेत कायम झाला. त्याच्या साहाय्याने 'खोली', 'वाहकता', 'वाहन संकेतांक' यांसारखे लहान प्रकार एका ओळीत लिहिता येतात. रेकॉर्डच्या कन्स्ट्रक्टरमध्ये मूल्याची मर्यादा तपासता येते, आणि रेकॉर्डचे घटक नंतर बदलता येत नाहीत. त्यामुळे एकदा तपासलेले साधे मूल्य पुढे प्रत्येक मेथडमध्ये पुन्हा तपासावे लागत नाही.

एककांसाठी नाव असलेल्या निर्मिती-मेथड उपयोगी पडतात. 'खोली.फुटांत(४०)' आणि 'खोली.मीटरमध्ये(१२.२)' असे दोनच मार्ग ठेवून मूळ कन्स्ट्रक्टर बाहेरून बंद केला, तर एकक सांगितल्याशिवाय खोली तयारच होत नाही. रेकॉर्डचा मुख्य कन्स्ट्रक्टर रेकॉर्डपेक्षा अधिक मर्यादित ठेवता येत नाही; म्हणून अशा वेळी साधा क्लास वापरतात.

अक्षांश व रेखांश यांना एकत्र करून 'स्थान' हा प्रकार केल्यास धोका पूर्णपणे नाहीसा होत नाही, कारण स्थान तयार करतानाही दोन डबल मूल्ये द्यावी लागतात. मात्र जो धोका शेकडो ठिकाणी होता, तो आता एकाच ठिकाणी राहतो आणि तेथे कडक तपासणी करता येते. महाराष्ट्राचे अक्षांश सुमारे १५.६ ते २२.१ आणि रेखांश सुमारे ७२.६ ते ८०.९ या दरम्यान आहेत. या दोन पट्ट्यांत एकही सामाईक संख्या नाही. त्यामुळे केवळ राज्यापुरत्या आज्ञावलीत ही मर्यादा लावल्यास कोणतीही अदलाबदल तत्काळ उघड होते.

### बूलियनऐवजी एनम

मेथड बोलावताना शेवटी लिहिलेल्या 'सत्य' या मूल्यावरून वाचकाला काहीच बोध होत नाही. जावा ५ मध्ये, २००४ साली, एनम ही सोय आली. एनममध्ये ठरावीक पर्यायांची नावे देता येतात. 'पिण्यायोग्य', 'केवळ ओलितायोग्य' आणि 'वापरास अयोग्य' असे तीन पर्याय असलेला 'वापर' हा एनम बूलियनपेक्षा वाचायला स्पष्ट आहे. 'पिण्यायोग्य नाही' एवढ्या उत्तरात शेतकऱ्याच्या उपयोगाची जी माहिती हरवत होती, तीही तो जपतो.

या उपायांनंतर मेथडचे रूप असे होते:

विहीरनोंद(गाव, स्थान, खोली, वाहकता, वापर)

पाचही प्राचल भिन्न प्रकारांचे आहेत. पाच मूल्यांच्या १२० मांडण्यांपैकी कंपायलर आता एकच स्वीकारतो, आणि ती बरोबर असते.

### जेनेरिक्स

दोन प्राचलांचे प्रकार एकमेकांशी बांधायचे असल्यास जावा ५ पासून उपलब्ध असलेले जेनेरिक्स वापरतात. 'ठेव(क्लास<ट> प्रकार, ट मूल्य)' अशा मेथडमध्ये पहिल्या जागी स्ट्रिंगचा क्लास आणि दुसऱ्या जागी पूर्णांक दिल्यास कंपायलर नकार देतो.

या ठिकाणी विद्यार्थ्यांची एक चूक वारंवार होते. 'तुलना(ट पहिला, ट दुसरा)' असे लिहिल्याने दोन्ही मूल्ये एकाच प्रकारची असण्याची सक्ती होते, असा समज असतो. प्रत्यक्षात एक स्ट्रिंग आणि एक पूर्णांक दिल्यास कंपायलर दोघांचा सामाईक पूर्वज शोधून त्यालाच 'ट' मानतो आणि मेथड स्वीकारली जाते. 'क्लास<ट>' किंवा 'लिस्ट<ट>' यांसारख्या रूपांत 'ट'ला अशी सवलत मिळत नाही. म्हणून खरे बंधन तेथेच निर्माण होते.

### बिल्डर

प्राचल अनेक असतील आणि त्यांपैकी काही ऐच्छिक असतील, तर बिल्डर ही रचना वापरतात. तिच्यात प्रत्येक मूल्य स्वतंत्र नावाच्या मेथडने दिले जाते आणि शेवटी वस्तू तयार होते. नावाने आर्ग्युमेंट देण्याची जी सोय जावात नाही, तिची उणीव यामुळे बऱ्याच अंशी भरून निघते. जॉशुआ ब्लॉक यांच्या 'इफेक्टिव्ह जावा' या ग्रंथात बिल्डरची चर्चा आहे. एका मेथडला शक्यतो चारपेक्षा अधिक प्राचल नसावेत आणि एकाच प्रकारच्या प्राचलांची लांब रांग टाळावी, असा सल्लाही त्यात दिला आहे. या ग्रंथाची पहिली आवृत्ती २००१ मध्ये आणि तिसरी २०१८ मध्ये निघाली.

## प्रमाण ग्रंथालयातील उदाहरणे

जावाच्या प्रमाण ग्रंथालयात या रचनेची चांगली आणि सदोष अशी दोन्ही प्रकारची उदाहरणे आढळतात.

* दिनांक: जुन्या डेट क्लासच्या कन्स्ट्रक्टरमध्ये वर्ष १९०० वजा करून आणि महिना शून्यापासून मोजून द्यावा लागे. २०१४ मध्ये जावा ८ सोबत आलेल्या लोकलडेट क्लासमध्ये महिना एनमच्या रूपात देता येतो. त्यामुळे महिना आणि दिवस यांची अदलाबदल होत नाही. तीन पूर्णांक घेणारे पर्यायी रूपही त्यात आहे, आणि तेथे हा धोका कायम राहतो.
* कालावधी: थ्रेड थांबविणाऱ्या स्लीप मेथडला मिलिसेकंदांची संख्या द्यावी लागते. सेकंद समजून ५ लिहिल्यास थ्रेड एका सेकंदाच्या दोनशेव्या भागापुरताच थांबतो. जावा १९ पासून याच मेथडला ड्युरेशन प्रकाराचे मूल्यही देता येते.
* प्रत करणे: ॲरेकॉपी मेथडमध्ये मूळ साठा आधी आणि गंतव्य नंतर येते, तर कलेक्शन्स क्लासच्या कॉपी मेथडमध्ये गंतव्य आधी येते. ॲरेकॉपीचे दोन्ही प्राचल ऑब्जेक्ट प्रकाराचे असल्याने न जुळणारे ॲरे दिलेले कंपायलरला कळत नाही. चूक आज्ञावली चालताना उघड होते.
* यादीतून वगळणे: अमरावती विभागातील पाच जिल्ह्यांचे वाहन क्रमांक २७, २८, २९, ३० आणि ३७ एका पूर्णांकांच्या यादीत ठेवले आणि रिमूव्ह मेथडला २७ दिले, तर २७ हे मूल्य वगळले जात नाही. यादीतील २७ व्या निर्देशांकाचा घटक वगळण्याचा प्रयत्न होतो आणि अपवाद उद्भवतो, कारण यादीत पाचच घटक आहेत.
* शोध: मॅपमधील गेट मेथड कोणत्याही प्रकारची वस्तू स्वीकारते. लाँग प्रकाराच्या चाव्या असलेल्या मॅपमध्ये साधा पूर्णांक २७ देऊन शोधल्यास, ती चावी असूनही उत्तर 'नल' येते.

## मर्यादा

एकाच प्रकारची दोन मूल्ये केवळ भूमिकेने भिन्न असतात, तेव्हा प्रकारांचा उपयोग मर्यादित राहतो. पैसे हस्तांतरित करणाऱ्या मेथडमध्ये देणारे आणि घेणारे अशी दोन्ही खातीच असतात. अशा वेळी 'खात्यातून(अ).खात्यात(आ)' अशी साखळी-मेथड भूमिका स्पष्ट करते. याउलट दोन स्थानांमधील अंतर काढणाऱ्या मेथडमध्ये क्रम बदलला तरी उत्तर तेच येते. तेथे कोणत्याही उपायाची आवश्यकता नसते.

प्रकार योग्य असूनही मूल्य चुकीचे असू शकते. विहिरीवर गेलेल्या व्यक्तीने मापन चुकीचे लिहिले, तर कोणताही डेटा प्रकार ते सुधारू शकत नाही. संदर्भ-प्रकाराच्या कोणत्याही प्राचलाला 'नल' देता येतो. त्यासाठी जावा ७ मध्ये आलेली रिक्वायरनॉननल मेथड वापरून स्वतंत्र तपासणी करावी लागते. जेनेरिक्सचे बंधनही सक्तीच्या प्रकार-रूपांतराने किंवा कच्च्या प्रकारांच्या वापराने मोडता येते.

फार बारीक प्रकारांमुळे क्लासची संख्या वाढते आणि नव्या वाचकाला आज्ञावली समजून घेण्यास वेळ लागतो. म्हणून एकाच क्लासच्या आत वापरल्या जाणाऱ्या लहान खासगी मेथडसाठी साधे प्रकार पुरेसे मानले जातात. अनेक जण वापरतील अशा सार्वजनिक मेथडसाठी मात्र हा खर्च योग्य समजला जातो.

## पूरक साधने

भौतिक राशी आणि एकके यांच्यासाठी जेएसआर ३८५ हे प्रमाणित विनिर्देश उपलब्ध आहे. त्यात लांबी व वस्तुमान हे भिन्न प्रकार असतात आणि एककांचे रूपांतर ग्रंथालयच करते. चेकर फ्रेमवर्क या साधनाने डेटा प्रकारांना एककांची जोड देऊन कंपायलरकरवी अतिरिक्त तपासणी करता येते. गूगलच्या एरर प्रोन या विश्लेषकात आर्ग्युमेंटची नावे व प्राचलांची नावे ताडून पाहणारी तपासणी आहे. नावांवरून अदलाबदल झाल्याचा संशय आल्यास ती इशारा देते.

## इतर क्षेत्रांतील दुर्घटना

न जुळणाऱ्या मूल्यांचे परिणाम दाखविण्यासाठी दोन घटनांचा उल्लेख नेहमी केला जातो. त्या जावाशी संबंधित नाहीत. एककाविना संख्या पुढे पाठविणे हे दोन्हींमागील सामाईक कारण आहे.

२३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाच्या १४३ क्रमांकाच्या बोईंग ७६७ विमानाचे इंधन उड्डाणादरम्यान संपले. २२,३०० किलोग्रॅम इंधनाची गरज असताना रूपांतरासाठी पौंडांचा गुणक वापरला गेला आणि आवश्यकतेच्या निम्म्याहूनही कमी इंधन भरले गेले. वैमानिकांनी इंजिनांविना विमान गिमली येथील जुन्या हवाई तळावर उतरविले. विमानातील सर्व ६९ जण बचावले.

अमेरिकेचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान ११ डिसेंबर १९९८ रोजी प्रक्षेपित झाले आणि २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ नष्ट झाले. जमिनीवरील एक आज्ञावली आवेगाची मूल्ये पौंड-बल सेकंदांत देत होती, तर ती घेणारी आज्ञावली न्यूटन-सेकंद गृहीत धरीत होती. दोन्ही एककांत सुमारे ४.४५ पटींचा फरक आहे. दोन्ही बाजूंना पोचत होती ती केवळ संख्या. तिच्यासोबत एकक असते, तर ही तफावत आधीच उघड झाली असती.

## हे सुद्धा पहा

* जावा
* कंपायलर
* डेटा प्रकार
* युनिकोड
* खारपाणपट्टा
* भातकुली तालुका